आत्याबद्दलची अर्धी ओळ

माझ्याकडे आलेलं एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ३३ वर्षांच्या आहेत, कोल्हापुरात राहतात, प्राथमिक शाळेत शिकवतात. मुलगी सात वर्षांची. आईला ४९ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. तीन वर्षं झाली, आई बरी आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईची जनुकीय तपासणी केली, ती निगेटिव्ह आली आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. गेल्या दिवाळीनंतर मावशीच्या आग्रहाने मायलेकी एका शिबिराला गेल्या. तिथे सांगितलं गेलं की जनुकं चांगली असली तरी त्यांच्यावर ‘एपिजेनेटिक’ खुणा असतात. पूर्वजांची उपासमार, बायकांनी गिळलेलं दुःख तिथे साठतं आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. लेखिकेची आजी आटपाडीकडची. १९७२ च्या दुष्काळात ती पोटुशी असताना खडी फोडायला जायची, आणि तिच्या पोटात तेव्हा लेखिकेची आई होती. हिशोब जुळला असं सगळ्यांनाच वाटलं. आता आई नातीच्या केसांना तेल लावत नाही. “माझं काय हिला लागायला नको,” म्हणते. लेखिका विचारतात: ही खूण आजीकडून आईत, आईकडून माझ्यात आणि माझ्यातून मुलीत गेली असेल का? थुंकीवरून अशा खुणा तपासणारं किट इंटरनेटवर मिळतं, ते मागवू का? खुणा पुसण्याचं २१ दिवसांचं शिबिर करू का? दुसरं मूल नकोच का? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: “वडिलांकडे कुणाला स्तनाचा कॅन्सर नाही. एक आत्या ४१ व्या वर्षी पोटात पाणी होऊन गेली, पण ते वेगळं.”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. आजीच्या दुष्काळावर तुम्ही दीड पान लिहिलंय, पण माझी रेघ ओढली गेली ती आत्याबद्दलच्या त्या अर्ध्या ओळीखाली. तिच्याकडे मी येणार आहे. पण आधी तुम्ही जे विचारलंय ते, कारण ती भीती डोक्यात असेपर्यंत आत्याबद्दलचं बोलणं तुमच्या कानात शिरणार नाही.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून पुस्तकाचंच उदाहरण घेते. पूर्वी थोरल्याचं पुस्तक धाकटीकडे यायचं. मे महिन्यात आई खोडरबर घेऊन बसायची. कडेला लिहिलेली उत्तरं, धड्यांवर मारलेल्या फुल्या, ‘हे परीक्षेला नाही’ अशा नोंदी, सगळं खोडून काढायची, वर्तमानपत्राचं कव्हर घालायची आणि जूनमध्ये ते पुस्तक धाकटीच्या दप्तरात जायचं. छापलेलं मात्र खोडता येत नाही. छपाईतच एखादा शब्द चुकला असेल तर तो दोघांनाही चुकीचाच मिळणार.

जनुकं म्हणजे छापलेला मजकूर. आपल्या डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पुस्तक एकच असतं, पण डोळ्याने कुठले धडे वाचायचे आणि यकृताने कुठले, हे ठरतं पेन्सिलीच्या खुणांवरून. मिथाइल नावाचा एक लहानसा रासायनिक गट डीएनएच्या ठरावीक जागी चिकटतो आणि बहुतेकदा त्याचा अर्थ असतो ‘हा धडा वाचू नका’. या खुणा म्हणजेच तुम्ही ऐकलेलं एपिजेनेटिक प्रकरण. शब्द नवा नाही. कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो १९४२ मध्येच वापरला होता.

या खुणा आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध आहे, तो पक्का आहे. कितीतरी गाठींमध्ये बीआरसीए-१ या जनुकाची छपाई अगदी नीट असते, पण त्याच्या सुरुवातीलाच पेन्सिलीची फुली बसलेली असते. हे जनुक डीएनएची मोडतोड दुरुस्त करतं. तो धडा वाचलाच गेला नाही तर मोडतोड तशीच साठत जाते. ‘एपिजेनेटिक बदलांमुळे स्तनाचा कॅन्सर’ अशी बातमी वाचता तेव्हा बहुतेक वेळा ती याबद्दल असते: त्या बाईच्या आयुष्यात, त्या एका अवयवातल्या पेशींमध्ये झालेला बदल. गाठीतली ती खूण गाठीतच राहते. स्तनातल्या पेशीपासून मूल होत नाही, म्हणून ती मुलाकडे जायचा रस्ताच नाही.

मग पिढीकडून पिढीकडे जाण्याचं काय? तिथे निसर्गाचा खोडरबर आहे, आणि तो दोनदा फिरतो. एकदा स्त्रीबीज आणि शुक्राणू ज्या पेशींपासून बनतात त्या तयार होताना, आणि पुन्हा गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत. बहुतेक खुणा या दोन वेळी पुसल्या जातात आणि बाळाच्या शरीरात नव्याने मांडल्या जातात. सगळ्याच पुसल्या जात नाहीत, हेही खरं. काही मोजक्या जनुकांवर ‘हे आईकडून’, ‘हे बाबांकडून’ अशी खूण मुद्दाम राखली जाते. म्हणून शिबिरातला माणूस अगदी हवेतून बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याने एका खऱ्या धाग्याला फार मोठं गाठोडं बांधलं.

तो खरा धागा कुठवर जातो ते सांगते, कारण तुम्ही शोधाशोध करणाऱ्या आहात आणि उद्या हे तुमच्यासमोर येईलच. २०१८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी स्तनाचा कॅन्सर वारंवार झालेल्या २५ कुटुंबांतल्या २१० माणसांचं रक्त तपासलं. तिथे २४ जागी अशा खुणा सापडल्या, की ज्या जनुकासारख्याच घराण्यात उतरताना दिसत होत्या आणि ज्यांचा कॅन्सरच्या धोक्याशी संबंध दिसत होता. अभ्यास महत्त्वाचा आहे. पण त्यात कुणाची उपासमार मोजलेली नाही, कुणाचं दुःख मोजलेलं नाही. एखाद्या आजीने काय सोसलं म्हणून ती खूण पडली, असं त्यात कुठेही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधून दोन कुटुंबांची हकीकत आली. तिथे बीआरसीए-१ वरची फुली खरोखरच पिढ्यांमध्ये चालत आली होती, पण मुळाशी निघाली छपाईचीच चूक. जनुकाच्या आधीच्या भागात एक अक्षर बदललेलं होतं, आणि ते बदललेलं अक्षर ज्याच्याकडे जाईल त्याच्या पुस्तकात तिथे फुली बसत होती. म्हणजे वारसा अक्षराचा. फुली त्याच्या मागून आलेली.

आणखी एक. काही निरोगी स्त्रियांच्या रक्तातही बीआरसीए-१ वर ही फुली थोड्या पेशींमध्ये सापडते, आणि अशा स्त्रियांना पुढे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारचा (नेहमीची हार्मोनची औषधं ज्यावर चालत नाहीत असा) कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. नुकत्याच जन्मलेल्या मुलींमध्येही ती सापडते. हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, म्हणून लगेच पुढचं वाचा: ती शरीरातल्या काही पेशींत असते आणि बाकीच्यांत नसते. आईच्या बीजातून आली असती तर सगळीकडे दिसली असती. गर्भ घडतानाच्या पहिल्या दिवसांत ती नव्याने पडते असं यावरून दिसतं. नवं पुस्तक हातात आल्या आल्या पडलेला डाग म्हणा. थोरल्या भावाचा त्यात हात नाही.

आता आजींचा दुष्काळ. याला ‘थोतांड’ म्हणून बाजूला सारायला मी तयार नाही, कारण पोटातल्या बाळावर उपासमारीचा परिणाम होतो हे खरं आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्या माणसांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावर खुणा कमी आढळल्या. २००८ चं हे संशोधन. पण ती माणसं उपासमारीत स्वतः हजर होती, आईच्या पोटात. याला वारसा म्हणत नाहीत, ती झळ त्यांना थेट लागलेली असते. आणि त्या खुणेमुळे स्तनाचा कॅन्सर झाला असंही ते संशोधन म्हणत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची सगळी स्त्रीबीजं तयार होतात. म्हणजे आटपाडीच्या उन्हात आजी खडी फोडत होत्या, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या, तेव्हा त्यांच्या पोटात तुमची आई होती आणि आईच्या पोटात, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान, तुम्ही ज्यातून झालात ते बीज होतं. तीन पिढ्या एकाच वेळी त्या उन्हात होत्या. म्हणून आजीचा दुष्काळ तुमच्यापर्यंत ‘उतरला’ का, हा प्रश्न तुमच्या शरीरावरून सुटतच नाही. दुष्काळापासून खऱ्या अर्थाने लांब असलेली पहिली पिढी म्हणजे तुमची सात वर्षांची लेक. आणि माणसांमध्ये इतक्या लांबपर्यंत अशी खूण जाऊन तिने कॅन्सर घडवल्याचा पुरावा नाही. उंदरांमध्ये, वनस्पतींमध्ये काही उदाहरणं आहेत. माणसांत नाही.

पोटातल्या दिवसांना महत्त्व आहे याचं आणखी एक ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. तिथे १९५९ ते १९६७ या काळातल्या गरोदर बायकांचं रक्त जपून ठेवलं होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या रक्तात डीडीटीचं प्रमाण सर्वांत जास्त होतं त्यांच्या मुलींना ५२ व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका जवळजवळ चौपट होता. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना यातून एकच सांगते: घरात कुणी पोटुशी असेल तर फवारणीचा पंप, फवारणीचे कपडे आणि औषधांचे डबे तिच्यापासून लांब ठेवा. शिबिरापेक्षा हे फार उपयोगाचं आहे.

“मनात कोंडून ठेवलं म्हणून गाठ झाली” हे तुमच्या मावशीचं वाक्य. मावशी वाईट मनाने बोलल्या नसतील. पण हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, आणि दरवेळी समोरची आजारी बाई मान खाली घालते. ब्रिटनमध्ये १ लाख ६ हजार स्त्रियांच्या पाहणीत ताणतणाव, आयुष्यातले धक्के आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध शोधला; २०१६ मध्ये निष्कर्ष आला, आणि तसा ठाम संबंध दिसला नाही. तुमच्या आईने दुःख गिळलं असेल. त्या दुःखाची विचारपूस जरूर करा, ती एरवीही करायलाच हवी होती. पण गाठ त्याने झाली नाही.

या सगळ्या कहाणीकडे जरा लांबून बघा. आजी उपाशी राहिली, म्हणून. आई रडली नाही, म्हणून. आता तुम्ही, आणि मग तुमची लेक. पाच दशकांच्या या गोष्टीत एकही पुरुष नाही. आजोबा नाहीत, वडील नाहीत. दोष बायकांच्याच ओटीत एकापाठोपाठ पडत गेलाय. शिबिराने हे रचलं असेल, पण आपल्या घरांना ते पटतं, कारण ‘बायकांचा आजार बायकांकडून येतो’ हे आपण आधीपासून धरून चाललेलो असतो. तुमच्या घराने आईची तपासणी निगेटिव्ह आल्यावर फाईल बंद केली ती याच समजुतीने. आणि आत्याला अर्धी ओळ मिळाली तीही याच समजुतीने.

आता आत्या. ४१ वर्षं वय, पोटात पाणी, आणि तुम्ही कंसात लिहिलंय, ‘गर्भपिशवीच्या बाजूला गाठ होती म्हणे’. पोटात पाणी क्षयाने होतं, यकृताच्या आजाराने होतं. अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं, आणि तो बरेचदा पाणी झाल्यावरच लक्षात येतो. आपल्याकडे अशा बाईच्या नावापुढे ‘पोटाचा कॅन्सर’ एवढंच उरतं. तो अंडाशयाचा असेल, तर तुम्ही म्हणता तसं ‘ते वेगळं’ नाही. बीआरसीए-१ (याचा शोध १९९४ चा) आणि बीआरसीए-२ (१९९५ चा) या दोन जनुकांतला दोष स्तन आणि अंडाशय दोन्हींचा धोका वाढवतो. ही जनुकं अनुक्रमे १७ व्या आणि १३ व्या गुणसूत्रावर आहेत. स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणून बाप ती मुलीला तितक्याच सहजपणे देतो जितकी आई देते. ज्याच्याकडे दोष आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता रुपयात आठ आणे. बापाला स्वतःला बरेचदा काहीही झालेलं नसतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

आईची निगेटिव्ह तपासणी आईच्या बाजूबद्दल बोलते. बाबांच्या बाजूबद्दल ती गप्प आहे.

मी हे इतकं ठासून लिहितेय त्यामागे माझी एक चूक आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी तपासणीच्या खोलीत बाईला विचारायची, “आईला, मावशीला, आजीला काही होतं का?” एक जण आली होती, तिशीतली, गाठ घेऊन. मी हेच विचारलं, तिने नाही म्हटलं, मी कागदावर ‘कौटुंबिक इतिहास नाही’ लिहिलं. तिसऱ्या केमोच्या वेळी सलाईन लावून पडली असताना ती सहज बोलली की तिच्या दोन्ही आत्या चाळिशीच्या आत गेल्या. मी विचारलंच नव्हतं. तिला दोन धाकट्या बहिणी होत्या. त्या दिवसापासून मी बाबांकडून सुरुवात करते.

घाबरण्याआधी आकड्याला तोंड द्या, तो तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा लहान आहे. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या दर सहा-सात स्त्रियांपैकी साधारण एकीमध्ये हा दोष सापडतो. आत्याला तोच कॅन्सर होता असं धरलं तरी आत्यात दोष असण्याची शक्यता तेवढी, बाबांमध्ये त्याच्या निम्मी, तुमच्यात त्याच्याही निम्मी. म्हणजे दोष नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. पण असलाच तर त्याचं वजन मोठं आहे: ८० व्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास. आणि वेळेत कळलं तर करण्यासारखं खूप असतं. म्हणून विचारायचं.

करायचं कसं? पहिल्यांदा कागद. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू घ्या आणि मधोमध तुमचं नाव लिहा. एका बाजूला आईकडचे, दुसऱ्या बाजूला बाबांकडचे, दोन्हीकडे सारखीच जागा सोडा. आत्या, काका, आजी-आजोबा, चुलत आजी, सगळे. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: काय झालं होतं, कितव्या वर्षी, आणि हे कुणी सांगितलं. ‘ऐकीव’ असेल तर ‘ऐकीव’ लिहा. पुरुषही लिहा, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, तरुण वयात प्रोस्टेटचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला असेल तर तोही याच साखळीतला असू शकतो. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकीने असा एक कागद करावा असं मला फार वाटतं. वर्षश्राद्धाला सगळे जमतात, म्हाताऱ्या आत्या येतात, जेवणं झाल्यावर जुन्या गोष्टी निघतात. ती वेळ या कागदासाठी चांगली.

मग बाबांशी बोलणं. तुम्ही लिहिलंय की ते शिरोलीच्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेत आणि बहिणीचा विषय काढला की उठून जातात. त्यांना घरात सगळ्यांसमोर विचारू नका. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारायला घेऊन जा, बरोबर दुसरं कुणी नको. तपासणीचं नाव सुरुवातीला काढू नका. एवढंच विचारा, “बाबा, आत्याला नक्की काय झालं होतं? शेवटी कुठल्या दवाखान्यात होती?” आणि मग गप्प राहा, ते बोलेपर्यंत. कदाचित त्या दिवशी बोलणार नाहीत. आणखी एक फेरी मारा. माझी एकच विनंती आहे: आईच्या खांद्यावरचं ओझं उचलून बाबांच्या खांद्यावर ठेवू नका. छपाईतली चूक कुणी करत नाही. बाबांना ती त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असेल, त्यांना त्यांच्याकडून.

त्यानंतर आत्याची फाईल. इचलकरंजीला असलेल्या आतेबहिणीकडे ती असू शकते. आईचे कागद मुली सहसा टाकत नाहीत. त्यात बायोप्सीचा किंवा पोटातल्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट शोधा. नसेल तर जिथे ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली तिथे विचारा. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात घालून प्रयोगशाळा बरीच वर्षं जपतात.

अंडाशयाचा कॅन्सर होता असं निघालं, किंवा काहीच कळलं नाही पण शंका दाट राहिली, तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. मुंबईत टाटा हॉस्पिटल आणि त्यांचंच खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक इथे कॅन्सरच्या जनुकांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी मुंबईत. कॅलेंडरवरचा तो कागद बरोबर न्या, तुमचं निम्मं काम तो करेल. तपासणीसाठी रक्त आधी बाबांचं द्यायचं, तुमचं नाही. बाबांमध्ये दोष नसेल तर त्या वाटेने तुमच्याकडे तो आलेलाच नाही, विषय मिटला. असेल तर मग तुमची तपासणी, आणि ती फक्त त्या एका ठरावीक चुकीसाठी, म्हणून उत्तरही स्पष्ट मिळतं. रिपोर्टमध्ये कधी ‘अर्थ अनिश्चित’ अशा शेऱ्याचा बदल येतो. त्यावरून कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो, कुणी घ्यायला लावला तरी. सात वर्षांच्या मुलीची ही तपासणी करत नाहीत. ती १८ ची झाल्यावर तिचं ती ठरवेल.

आतेबहिणीला विसरू नका. त्या सख्ख्या मुली आहेत, तुमच्यापेक्षा त्यांचा प्रश्न जास्त जवळचा आहे. बाबा निगेटिव्ह आले तरी त्यांची काळजी संपत नाही. आत्याला मिळालेला दोष भावाला मिळाला नसेल, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही फाईल मागायला जाल तेव्हा कशासाठी मागताय ते त्यांना सरळ सांगा.

तुमच्यात दोष निघालाच, तर दरवर्षी एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, आणि मूल होऊन गेल्यावर चाळिशीच्या आसपास अंडाशय व नलिका काढण्याचा विचार, असा ठरलेला मार्ग आहे. तो आज उलगडत बसत नाही. त्या पायरीवर पोचलात तर पुन्हा लिहा.

दोष नाही निघाला, तर तुम्ही कोण? आईला स्तनाचा कॅन्सर झालेली एक निरोगी बाई. तुमचा धोका इतरांपेक्षा पावणेदोन पट, असं २००१ चा एक जगभरचा एकत्रित अभ्यास सांगतो. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू कुणी सांगत नाही: स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या दर नऊ स्त्रियांपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला तो झालेलाच नसतो. म्हणून “आमच्यात कुणाला नाही” म्हणणाऱ्या शेजारणीलाही बरोबर घेऊन जा. आत्तापासून वर्षातून एकदा डॉक्टरकडून हाताने स्तनतपासणी. आईला कॅन्सर झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे ३९-४० पासून मॅमोग्राफी. हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने दीड लाखावर स्त्रियांवर वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांतही ही तपासणी होते. गाठ, त्वचेला खळी, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, यातलं काही दिसलं तर वर्षाची वाट न बघता लगेच.

किट मागवू नका. थुंकीतल्या पेशींवरच्या खुणा ती मोजेल, पण त्यावरून ‘तुम्हाला स्तनाच्या कॅन्सरचा वारसा आहे की नाही’ हे सांगणारी मान्य पद्धत आज कुठेही नाही. उत्तर काहीही आलं तरी तुम्ही करायच्या गोष्टी त्याच राहतील, फक्त झोप जाईल. शिबिराचे पैसे बाबांच्या तपासणीसाठी बाजूला ठेवा. खुणा पुसणारी औषधं खरोखर असतात, अझासायटिडिन हे त्यातलं एक, पण ती रक्ताच्या काही गंभीर आजारांत रक्तातल्या पेशींवर नजर ठेवत देतात. निरोगी माणसाच्या खुणा २१ दिवसांत निवडून पुसणारं काही नाही. योगासनं करावीशी वाटली तर जरूर करा, चाला, वजन आटोक्यात ठेवा, दारूपासून लांब राहा. हे सगळं धोका खरंच कमी करतं आणि त्याला फी नाही.

दुसरं मूल हवं असेल तर होऊ द्या. या भीतीपायी थांबण्याचं कारण नाही. उलट मूल होणं आणि अंगावर पाजणं दोन्ही लांबच्या पल्ल्यात थोडंसं संरक्षणच देतात. एकूण बारा महिने पाजलं तर धोका सुमारे चार टक्क्यांनी घटतो.

राहिल्या आई. हे सगळं त्यांना समजावत बसू नका, मिथाइल वगैरे तर मुळीच नाही. एवढंच सांगा की आजार हाताने लागत नाही, आणि तुमच्याकडून नातीकडे गेलेलं काही आम्हाला सापडलेलं नाही. मग येत्या रविवारी न्हाण्याच्या आधी लेकीला तेलाची वाटी आणि कंगवा घेऊन आजीच्या पुढ्यात बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा. सात वर्षांचं पोर पाठमोरं बसून “आजी, लाव ना” म्हणेल, त्याला नाही म्हणणं माझ्या पत्रापेक्षा अवघड असतं.

आत्यांची फाईल सापडली की कळवा. रिपोर्टमधली भाषा कळली नाही तर नाव झाकून फोटो पाठवा, मी वाचून सांगेन.